सातबारा नसलेला किनारा

पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात, चिंचणीच्या उत्तरेला वरोर आणि वाढवण ही गावे एकमेकांना लागून आहेत. येथील किनारा पर्यटकांच्या डोळ्यात भरणारा नाही. पांढऱ्या वाळूऐवजी काळा खडक समुद्रात लांबवर पसरलेला आहे. ओहोटी लागली की हा खडक उघडा पडतो आणि त्याच्या खाचांमध्ये, डबक्यांमध्ये अडकलेले पाणी हेच एक वेगळे जग असते. कालवे, खेकडे, शेवंडे आणि माशांची पिल्ले या खडकाच्या आडोशाने वाढतात. समुद्रातील शंखोदर हा खडक स्थानिक लोक पवित्र मानतात. १९९७ पासून या किनाऱ्यावर बंदर बांधावे की नाही, यावरून वाद चालू आहे. महाराष्ट्रात किनाऱ्यासाठी इतकी दीर्घ लोकचळवळ क्वचितच झाली असेल.

खडकाळ किनाऱ्याचे काम सहजी दिसत नाही. लाटांचा जोर तो पाण्यातच मोडतो, त्यामुळे मागची गावे आणि शेती वाचते. उत्तरेकडे खंबातच्या आखाताच्या दिशेने जावे तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो, म्हणून येथे ओहोटीला उघडी पडणारी पट्टीही रुंद असते. या पट्टीवर मासेमारीचे दोन वेगळे व्यवहार चालतात. पहिला होड्यांचा. डोल जाळी लावून बोंबील धरला जातो, खोल पाण्यात पापलेट, घोळ, दाढा मिळतो. डहाणू ते सातपाटी हा पट्टा मच्छीमार आणि व्यापारी दोघेही ‘गोल्डन बेल्ट’ म्हणून ओळखतात. दुसरा व्यवहार होडीशिवाय चालतो. उधाणाच्या दिवसांत पाणी दूर जाते तेव्हा बायका कोयती आणि टोपली घेऊन खडकावर कालवे फोडतात, पाग या फेकजाळ्याने कोणी किरकोळ मासळी धरतो. पहिल्या व्यवहाराची निदान सोसायटीच्या दप्तरात, परवान्यात, डिझेलच्या कोट्यात नोंद असते. दुसऱ्याची कुठेच नसते.

वाढवणचे सगळे प्रकरण या नोंदीच्या अभावाशी बांधलेले आहे. जमीन घ्यायची तर सातबारा पाहावा लागतो, मालकाला नोटीस द्यावी लागते, दर ठरवावा लागतो. समुद्राला सातबारा नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यावर पोट भरले तो खडक सरकारी कागदावर मोकळी जागा ठरतो.

चळवळीची सुरुवात मात्र बंदरापासून झाली नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डहाणूत औष्णिक वीजकेंद्र येणार असे ठरले, तेव्हा चिकूच्या बागांचे काय होणार या चिंतेने पहिला विरोध झाला. नर्गिस इराणी आणि कितायून रुस्तम या दोघींनी तो धसास लावला. ५०० मेगावॉटचे वीजकेंद्र अखेर उभे राहिले, पण त्या धडपडीतून एक मोठी गोष्ट हाती आली. २० जून १९९१ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. उद्योगांची हिरव्या, नारिंगी आणि लाल वर्गांत विभागणी झाली, लाल वर्गाला बंदी आली, आणि संपूर्ण तालुक्यात उद्योगांखाली येणाऱ्या जमिनीवर ५०० एकरांची मर्यादा पडली.

अधिसूचना निघाली म्हणजे ती पाळली जातेच असे नाही. तिची अंमलबजावणी व्हावी म्हणून ‘सँक्च्युअरी’ मासिकाचे संपादक बिट्टू सहगल यांच्यासह इतरांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. त्यानुसार त्याच वर्षी डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. एका तालुक्यासाठी न्यायालयाच्या आदेशाने स्वतंत्र पर्यावरण प्राधिकरण, ही देशातली दुर्मीळ व्यवस्था होती.

तिची परीक्षा लगेच झाली. १९९७ मध्ये राज्य सरकारने वाढवणच्या बंदरासाठी पी अँड ओ या परदेशी कंपनीची निवड केली. त्याविरुद्ध एकत्र आलेली माणसे एरवी एका सतरंजीवर बसणारी नव्हती. इराणी बागायतदार, वारली आदिवासी, मांगेला आणि इतर मच्छीमार, शेतकरी, आणि दागिन्यांचे साचे घडवणारे डायमेकर. डायमेकिंग हा या भागातला घरगुती उद्योग आहे, आणि बाहेर त्याची फारशी कुणाला माहिती नसते. बागायतदार आणि वारली मजूर यांच्यातले संबंध तर मुळीच सरळ नव्हते. जमीनदारांविरुद्धच्या १९४५ च्या वारली लढ्याची आठवण या तालुक्यात पुसलेली नाही. या सगळ्यांचे हितसंबंध एक होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. बंदराबरोबर येणारे रस्ते, रेल्वे, गोदामे आणि वस्ती यांनी प्रत्येकाचे वेगवेगळे नुकसान होणार होते, एवढ्यावर ते एकत्र आले. सप्टेंबर १९९८ मध्ये प्राधिकरणाने निर्णय दिला: बंदर आले की त्याच्यामागून उद्योग येणार, आणि डहाणूच्या अधिसूचनेत ते बसत नाही, म्हणून बंदराला परवानगी नाही. प्रकल्प गुंडाळला गेला.

पुढची वर्षे शांत गेली, पण प्राधिकरण निष्क्रिय नव्हते. वीजकेंद्राच्या धुरातील गंधक काढणारी यंत्रणा कंपनीला बसवावी लागली ती याच प्राधिकरणाच्या आग्रहामुळे. चळवळीने मोर्च्यापेक्षा संस्थेवर भर दिला, हे तिचे शहाणपण होते. मात्र सारे बळ एका संस्थेत साठवल्याने ती संस्था बदलली की किल्ल्याचा दरवाजा उघडा पडणार, हा धोकाही त्यातच होता.

दुसऱ्या वेळी प्रस्ताव आला तो जवाहरलाल नेहरू बंदराकडून, म्हणजे सरकारी घरातूनच. त्याचे समर्थन पोकळ नव्हते. वाढवणसमोर किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर समुद्र नैसर्गिकरीत्या सुमारे वीस मीटर खोल आहे. आजची सर्वांत मोठी कंटेनर जहाजे न्हावाशेवाच्या या जुन्या बंदरात पूर्ण भरून येऊ शकत नाहीत; तेथे गाळ सतत उपसावा लागतो. वाढवणला ही अडचण नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२० मध्ये तत्त्वतः आणि १९ जून २०२४ रोजी अंतिम मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. नऊ कंटेनर टर्मिनल, दहा किलोमीटरहून थोडी लांब लाटरोधक भिंत, वर्षाला २९.८ कोटी टन माल हाताळण्याची क्षमता. बंदरात जवाहरलाल नेहरू बंदराचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के.

बंदराची जागा कुठली, हे या आकड्यांपेक्षा महत्त्वाचे. ती समुद्रात भराव टाकून तयार व्हायची, १,४४८ हेक्टर, आणि भरावाची वाळू दमणजवळच्या समुद्रतळातून आणायची. बंदर गावाच्या जमिनीवर नाही, म्हणून त्यापायी कुणी विस्थापित होत नाही, असे प्रकल्पाच्या बाजूने सांगितले गेले. कागदावर हे खरे आहे. भूसंपादन लागते ते रस्ता आणि रेल्वेमार्गापुरते. या हिशेबात डोल लावण्याच्या जागा येत नाहीत, खडकही येत नाही. जवळच तारापूर अणुवीजकेंद्राच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, त्यांच्या पुनर्वसनाची रखडलेली कथा या किनाऱ्यावर सर्वांना पाठ आहे. तिथे तर सातबारे होते.

अडथळा मुख्यतः कायद्याचा होता आणि तो टप्प्याटप्प्याने दूर झाला. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि पाठोपाठ केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बंदरे उद्योगांच्या लाल वर्गात मोडत नाहीत अशी भूमिका घेतली. जानेवारी २०१९ मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारी यांचे निधन झाले होते. नंतर प्राधिकरणाची पुनर्रचना झाली. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी बंदराला अटींसह संमती दिली. अध्यक्ष बदलल्याने निकाल बदलला असे म्हणणे सोपे आहे, पण कायद्याची चौकटच तोवर बदलली होती, हे दुर्लक्षून चालत नाही. जानेवारी २०२४ मध्ये पालघरला जनसुनावणी झाली, फेब्रुवारीत पर्यावरण मंजुरी मिळाली, एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संमतीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले.

या काळात वाढवण बंदर विरोधी संघर्ष समिती आणि मच्छीमार संघटना गप्प नव्हत्या. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा पालघरच्या भिंतींवर आणि होड्यांवर दिसत राहिली. डिसेंबर २०२० मध्ये मासळी बाजारांसह किनारपट्टीवर बंद पाळला गेला. ग्रामसभांचे ठराव झाले, मोर्चे निघाले. पण तरुणांपुढे नोकऱ्यांचे आमिषही होते. बारा लाख रोजगारांचा आकडा सरकारने सांगितला, आणि मासळी घटत चालली असताना बापाचा धंदा पुढे चालवू नये असे वाटणाऱ्या मुलाला वेड्यात काढता येत नाही. बंदरसमर्थक हाच मुद्दा धरतात: मासळी आधीच कमी झाली आहे, बंदर येण्याआधीच. ते खरे आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी आणि मोठ्या ट्रॉलर्सची मासेमारी यांचा त्यात हात आहे. परंतु आजारी माणसाला रुग्णालयाऐवजी स्मशानात न्यावे, असा हा युक्तिवाद होतो.

पर्यावरण अहवालांची मर्यादाही इथे उघड होते. असे अहवाल ठरावीक ऋतूंमध्ये घेतलेल्या नमुन्यांवर उभे असतात. कुठल्या भरतीला, कुठल्या वाऱ्यात, कुठल्या खडकाच्या बाजूला पिल्ले जमतात ही माहिती मच्छीमारांच्या डोक्यात असते आणि ती अहवालाच्या रकान्यात सहज मावत नाही. चळवळीने होड्यांची, जाळ्यांची आणि खडकावर जाणाऱ्या बायकांची मोजदाद आधीपासून स्वतः केली असती, तर वाद मालाच्या टनांवरून माणसांच्या संख्येवर आणणे तिला सोपे गेले असते.

प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आहे, आणि भरावाच्या कामांची कंत्राटे दिली जाऊ लागली आहेत. नुकसानभरपाईची भाषाही सुरू आहे. कोणत्याही भरपाईची यादी परवान्यापासून, सोसायटीच्या सभासदत्वापासून सुरू होते. कोयती घेऊन खडकावर जाणाऱ्या बाईकडे यांपैकी काहीच नसते, त्यामुळे यादी कितीही उदार झाली तरी तिचे नाव लिहायला कोणता रकाना असेल, हे आजवर ठरलेले नाही.