घेणाऱ्याचा धर्म

देणाऱ्याच्या कर्तव्यांविषयी आपल्या परंपरेत पुष्कळ लिहिले गेले आहे. दान कोणाला द्यावे, कसे द्यावे, या हाताचे त्या हाताला कळू न देता द्यावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घेणाऱ्याचेही काही कर्तव्य असते का, या प्रश्नाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. घेणाऱ्याने आभार मानले की तो विषय संपला, असे आपण धरून चालतो. या उपेक्षित प्रश्नाचा विचार येथे एका घरगुती उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे आपल्या दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संच आणि त्याला जोडलेले मुलांचे खेळाचे यंत्र, ज्याला हल्ली सर्वजण कन्सोल म्हणतात.

नाताळच्या सुमारास पुण्यातील आपल्या कितीतरी घरांत या वस्तू येतात. कॅम्पातल्या एखाद्या दुकानातून मोठा 'फोर-के' संच येतो. कन्सोल कधी दुकानातून, तर कधी आखातात नोकरी करणाऱ्या मामाच्या बॅगेतून येतो. एक केबल जोडली की चित्र उमटते आणि वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने काम पुरे होते. थोरल्या मुलाचे मात्र समाधान होत नाही. ''पप्पा, टीव्ही स्लो आहे,'' असे तो म्हणतो. एवढे देखणे चित्र दिसत असताना याला आणखी काय हवे, असे वडिलांना वाटते. बापलेकांच्या या वादात मुलाचे म्हणणे बहुधा खरे असते, आणि ते का खरे असते हे समजून घेण्यासारखे आहे.

केबल जोडल्याबरोबर दोन्ही यंत्रांत एक मूक संभाषण होते. संच आपली ओळख पाठवतो: माझ्या पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० पिक्सेल आहेत, मी सेकंदाला इतक्या वेळा चित्र बदलू शकतो, अमुक पद्धतीचा उजेड मला समजतो. ही ओळख वाचून कन्सोल काय पाठवावे हे ठरवतो. दोघांत जो दुबळा असेल, त्याच्या शक्तीप्रमाणे व्यवहार होतो. प्लेस्टेशन ५ हा कन्सोल भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आला. काही खेळांत तो सेकंदाला १२० चित्रे देऊ शकतो. परंतु संचाची जोडणी एच.डी.एम.आय. २.० या प्रतीची असेल, तर फोर-के आकारात त्यातून सेकंदाला साठच चित्रे जातात. २०१७ साली जाहीर झालेल्या २.१ या प्रतीने ती मर्यादा ओलांडली. पण पुष्कळ संचांत ही सोय एखाद्-दुसऱ्याच पोर्टला असते. संचाच्या पाठीमागे वाकून कोणत्या पोर्टवर काय लिहिले आहे ते वाचणे, हा पैसे वाचवणारा व्यायाम आहे!

देणाऱ्याने घेणाऱ्याची शक्ती ओळखून द्यावे, ही रीत मराठी ख्रिस्ती माणसाला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. तारणाचा इतिहास सांगताना त्यांनी एखादा लॅटिन ग्रंथ भाषांतरित करून लोकांच्या माथी मारला नाही. नवख्रिस्ती जनांच्या कानांना पुराणश्रवणाची सवय होती आणि ओवीचा ताल त्यांच्या अंगात मुरलेला होता. हे जाणून त्यांनी दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले; ते १६१६ साली रोमन लिपीत छापून निघाले. श्रोत्याच्या ठायी काय मावेल हे त्यांनी आधी पाहिले आणि मग मुख उघडले. त्याआधी सुमारे साडेतीन शतके संत थॉमस अक्वायनस यांनी याच गोष्टीला तत्त्वाचे रूप दिले होते. घेतली जाणारी वस्तू घेणाऱ्याच्या घडणीप्रमाणेच घेतली जाते, असा त्यांच्या विचाराचा आशय आहे. १९५५ साली कँडीहून पुण्यात आलेल्या आणि नगर रस्त्यावर स्थिरावलेल्या ज्ञानदीप विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांना हा सिद्धान्त परिचयाचा आहे.

मात्र हा सिद्धान्त वस्तुस्थिती सांगतो. तो परवानगी देत नाही. घेणाऱ्याच्या घडणीने दान मर्यादित होते, हे खरे. म्हणून घेणाऱ्याने त्यात मनमानी भर घालावी, असे त्यातून निघत नाही. आपला संच नेमके तेच करतो.

आजचा संच आलेले चित्र जसेच्या तसे दाखवण्यात समाधान मानत नाही. तो रंग गडद करतो, कडा टोकदार करतो, त्याला जे खरखरीत वाटते ते पुसून टाकतो. त्याहून मोठे धाडस म्हणजे दोन चित्रांच्या मधे कधीच नसलेले तिसरे चित्र तो स्वतः कल्पनेने रचतो, म्हणजे हालचाल लोण्यासारखी मऊ दिसते. दुकानातील झगमगाटात शेजारच्या संचापेक्षा आपला उठून दिसावा, हे या खटाटोपामागचे एक कारण आहे. दुसरे कारण अधिक प्रामाणिक आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि मोठ्या पडद्यावर कॅमेरा वेगाने फिरू लागला की तो अडखळल्यासारखा भासतो. ते अडखळणे संच आपल्या परीने झाकतो.

या सुधारणांना वेळ लागतो. मधले चित्र रचायचे तर पुढचे चित्र हाती येईपर्यंत थांबावेच लागते. साऱ्या सुधारणा चालू असताना कित्येक संच सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहूनही अधिक वेळ घेतात. साठ चित्रांच्या हिशेबाने तेवढ्यात सहा चित्रे उलटून गेलेली असतात. चित्रपट पाहताना हे जाणवत नाही, कारण चित्रपट आपल्या हाताची वाट पाहत नाही. खेळातील चित्र ही प्रेक्षकापुढे मांडलेली वस्तू नसून त्याच्या कृतीला मिळालेले उत्तर असते. मुलाने बटण दाबले, कन्सोलने तत्काळ उत्तर दिले आणि ते उत्तर संचाने नटवण्यासाठी रोखून धरले. पडद्यावर ते उमटते तेव्हा त्याचा क्षण निघून गेलेला असतो. मुलगा हरतो आणि स्वतःचाच हात सावकाश आहे असे समजतो. धाकटी बहीण खेळत असेल तर घरातले सगळेच तसे समजतात.

यावर 'गेम मोड' नावाचा उपाय आहे. एच.डी.एम.आय. २.१ बरोबर अशीही सोय आली की खेळ सुरू होताच कन्सोल स्वतःच संचाला निरोप पाठवतो, आणि संच आपले सारे प्रसाधन बाजूला ठेवून आलेले चित्र शक्य तितक्या लवकर पुढे करतो. चित्र किंचित फिके दिसते आणि 'मघाचेच बरे होते,' असे आजी म्हणते. पण मुलाचा हात आणि पडदा आता एकमेकांशी बोलू लागलेले असतात.

आता मूळ प्रश्न. संचाने रचलेले मधले चित्र हे असत्य आहे काय? होय, असे पटकन म्हणावेसे वाटते. जे कोणी पाठवलेच नाही ते पाठवले असे दाखवणे म्हणजे खोटेपणाच. पण हे उत्तर टिकत नाही. स्वतः कन्सोलही असेच करतो. अनेक खेळांत तो चित्र लहान आकारात रचतो आणि गणिताच्या साहाय्याने ते फोर-के करून पाठवतो. तिथे त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. मुळात खेळातील जग सगळेच कल्पित! तेव्हा भर घालणे हा दोष नव्हे. दुसऱ्याच्या नावावर आणि त्याला न विचारता भर घालणे, हा दोष. खेळ रचणाऱ्याने जे वाढवले त्याची जबाबदारी त्याच्याकडे आहे. संचाने जे वाढवले ते मात्र प्रेक्षक खेळकर्त्याच्याच खाती टाकतो.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. नॉडिंग हेड्स गेम्स या येथील संस्थेने केलेला 'राजी' हा खेळ २०२० साली जगभर प्रसिद्ध झाला. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेल्या एका कसरतपटू मुलीची ती कथा आहे. २०१७ मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा करण्याचा त्यांचा प्रयत्न अपुरा पडला, तरी मंडळींनी काम सोडले नाही. पहाडी शैलीची चित्रे आदर्श म्हणून समोर ठेवून त्यांनी त्यातील दृश्ये रंगवली. कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या रूपाने मांडले. असा एकेक रंग तोलून लावलेला असताना तो संचाच्या कारखान्यात ठरलेल्या भडक मापाने फासून दाखवला गेला, तर पाहणारा म्हणेल, 'पुणेकरांना रंगाची जाण नाही.'

हा अन्याय जुना आहे. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने फाळक्यांच्या काळातील मूकपटांचे अवशेष जतन केले आहेत. त्या काळी कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवत आणि सेकंदाला साधारण सोळा-अठरा चित्रे घेत. पुढे बोलपटांची यंत्रे २४ चित्रांच्या वेगाने चालू लागली आणि तीच जुनी रिळे त्यांवर चढवली गेली. परिणामी राजे-महाराजे दुडक्या चालीने पळू लागले. दोन-तीन पिढ्या त्यांना हसल्या. हसणाऱ्यांना वाटले, जुन्या लोकांना चित्रपट काढता येत नव्हता. चूक दाखवणाऱ्या यंत्राची होती. हसे मात्र ज्यांनी काळजीपूर्वक मूठ फिरवली त्यांचे झाले, आणि आपली बाजू मांडायला ते हयात नव्हते.

घेणाऱ्याची विनम्रता कशी असावी, हेही याच यंत्रांत पाहायला मिळते, आणि मला तो भाग सर्वांत सुंदर वाटतो. उजेड व काळोख यांतील अंतर वाढवणारी एच.डी.आर. नावाची पद्धत आहे. खेळातील सूर्य कोणत्याही संचाच्या शक्तीपेक्षा प्रखर असू शकतो. पूर्वी खेळ आपल्या अंदाजाने तो उजेड आवरीत असे आणि संच पुन्हा स्वतःच्या अंदाजाने त्याला आवरीत असे. दोघांच्या हस्तक्षेपात ढगांच्या छटा नाहीशा होत. २०१८ च्या सुमारास कन्सोल व संच बनवणाऱ्या काही कंपन्यांनी एकत्र येऊन निराळा मार्ग सुचवला. संचाने लपवाछपवी न करता आपली मर्यादा उघड करावी आणि मग काहीही ढवळाढवळ करू नये. त्या मर्यादेत काय दाखवायचे ते खेळ ठरवील. प्लेस्टेशन ५ मध्ये यासाठी पडद्यावर एक चिन्ह दाखवतात. ते जेमतेम दिसेनासे होईपर्यंत बटण दाबत जायचे. जिथे ते मावळले, तिथे त्या संचाची ताकद संपली. पापनिवेदनापूर्वीच्या आत्मपरीक्षणाची आठवण व्हावी असा हा विधी आहे. 'माझ्याने इतकेच होते,' असे ज्याने खरेपणाने सांगितले, त्याच्याच पडद्यावर ढगांच्या छटा परत येतात.

दुसरी सोय वाट पाहण्याची. एरवी संच ठरलेल्या ठोक्याने चित्र बदलतो. कन्सोलचे पुढचे चित्र तेवढ्यात तयार नसेल, तर अर्धे जुने आणि अर्धे नवे अशी फाटकी आकृती दिसते. बदलत्या वेगाची नवी पद्धत, जी प्लेस्टेशन ५ ला एप्रिल २०२२ मध्ये मिळाली, ती संचाला थांबायला शिकवते. चित्र आले की पडदा बदलायचा, त्याआधी नाही.

आपल्या घरांत यातले काय घडते? शाळेतून आलेली मुलगी दारातच काही सांगू लागते. तिचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच आपण त्याच्या कडा टोकदार करतो, आपल्याला खरखरीत वाटते ते पुसतो, मधली न बोललेली वाक्ये स्वतःच भरतो आणि मग एक सुबक उत्तर देतो. उत्तर चांगलेच असते. फक्त तिचा क्षण गेलेला असतो, आणि पुढच्या वेळी ती दारात थांबत नाही. २०२० साली चर्चची दारे बंद असताना आपण पडद्यावर मिस्सा पाहिली. आपले प्रतिसाद भिंतीवर आपटून परत येत, तेव्हा पोहोचण्याचे मोल आपल्याला कळले होते.

कोणी विचारील, मग घेणाऱ्याने सदैव मुकाट राहावे काय? शिक्षक, धर्मगुरू, आईबाप यांनी काही सुधारूच नये? अवश्य सुधारावे, परंतु आधी पूर्ण घ्यावे आणि मग स्वतःच्या नावाने उत्तर द्यावे. दुसऱ्याचे शब्दच बदलून ते त्याचे म्हणून ऐकणे, याला सुधारणा म्हणता येणार नाही. पारखही हवीच. विनम्र पडदा रक्तपातही तितक्याच निष्ठेने दाखवतो; कोणता खेळ घरात यावा हे पडद्याने नव्हे, आईवडिलांनी ठरवायचे असते, आणि तेही डिस्क आत जाण्यापूर्वी. आणि आजीचे म्हणणे? मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना टोकदार कडा आणि गडद रंग खरोखरच सोयीचे असतात. बातम्या पाहताना तिला तेच चित्र द्यावे. तिथे घेणारी ती आहे आणि तिला विचारूनच भर घातलेली आहे.

चित्रपटांचे मात्र अजून भिजत घोंगडे आहे. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकक्वारी यांनी एक छोटी चित्रफीत काढून, चित्रपट पाहताना ही मऊ हालचाल बंद करा, अशी प्रेक्षकांना विनंती केली. पुढल्या वर्षी 'फिल्ममेकर मोड' नावाची सोय जाहीर झाली आणि अनेक संचांत ती आली. परंतु खेळ संपून कन्सोल बंद झाला की संच आपल्या जुन्या सवयीवर परत जातो. रात्री सारे कुटुंब प्रभातचा 'संत तुकाराम' पाहायला बसले, तर तो १९३६ चा चित्रपट कोणताही निरोप आपणहून पाठवू शकत नाही. रिमोट हातात असलेल्यानेच मेनूत शिरून ती सुधारणा बंद करायची असते.