डोंगरावर एकट्याने जावे काय?

पावसाळा सरून हिवाळा लागला म्हणजे शहापूर व मुरबाड तालुक्यांतील डोंगर स्वच्छ दिसू लागतात. आकाश निरभ्र असते, वारा शीतळ असतो, आणि माहुली, आजोबा, गोरखगड व सिद्धगड यांची शिखरे अगदी जवळ आली आहेत असे वाटते. या दिवसांत शहरांतून पुष्कळ लोक डोंगर चढण्यास येतात. त्यांत एखादा एकटाच असतो. आसनगाव स्टेशनावर उतरून तो माहुली गावातून पुढे जातो, व कोणास काही न सांगता रानात शिरतो. ते पाहून गावकरी एकमेकांस विचारतात, "याच्या सोबतीला कोणी नाही काय?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात दुसरा मोठा प्रश्न आहे. मनुष्याचा जीव त्याच्या एकट्याचा आहे काय?

प्रथम हे सांगितले पाहिजे की, एकांत ही काही वाईट वस्तू नव्हे. गर्दीत जे सुचत नाही ते रानात सुचते. स्वतः प्रभूही लोकसमुदायास निरोप देऊन डोंगरावर प्रार्थनेस एकटा गेला, असे मार्काच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. परंतु शिष्य वल्ही मारता मारता हैराण झाले आहेत हे पाहून तो त्यांजकडे आला. लाकूडफाट्यासाठी रानात जाणारा गरीब मनुष्यही पुष्कळदा एकटाच असतो, व त्यास कोणी दोष देत नाही. तेव्हा दोष एकटे जाण्यात नाही; तो कशात आहे, ते पाहू.

चांगली हवा मनुष्यास फसविते. पावसात आपण प्रत्येक पाऊल जपून टाकतो. पण ऊन पडले की डोळे शिखराकडे लागतात व पायांकडे लक्ष राहत नाही. माहुली सुमारे २८०० फूट उंच आहे. तिच्या वाटेवरचे वाळलेले गवत व सुटा मुरूम निरभ्र दिवशीही तितकाच घसरतो. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि दाट झाडीत काळोख त्याआधीच पडतो. कड्याआड मोबाईलही पुष्कळदा लागत नाही.

आमच्या डोंगरांवर बर्फ पडत नाही. पण जेथे पडते तेथेही नियम हाच. १९८० साली राइनहोल्ड मेसनर हा इटलीचा गिर्यारोहक पावसाळ्यात उघडीप होईपर्यंत थांबला, व मग एकटा एव्हरेस्ट चढू लागला. हवा चांगली होती; तरी आरंभीच अंधारात बर्फाखालच्या भेगेत तो पडला. मोठ्या प्रयत्नाने तो बाहेर निघाला, व २० ऑगस्ट रोजी शिखरावर पोहोचला. तथापि खाली तळावर त्याची सोबतीण त्याची वाट पाहत होती. जगात जी चढाई एकट्याची म्हणून गाजली, तिच्याही मागे वाट पाहणारे एक मनुष्य होते.

कोणी म्हणेल, "मी पडलो तर माझा मी पडेन. मला कोणी शोधू नये." हे बोलणे धैर्याचे वाटते, पण ते खरे नाही. मनुष्य आपला हक्क सोडू शकतो. दुसऱ्याचे कर्तव्य त्यास सोडविता येत नाही. रात्री तो परतला नाही असे कळल्यावर गावचे तरुण घरी निजून राहू शकत नाहीत. सकाळी मजुरीस जावयाचे असूनही ते दोर व बॅटऱ्या घेऊन निघतात. कडा व साप यांचे भय त्यांसही आहेच. त्याने आपला जीव पणास लावला असे त्यास वाटते; वास्तविक त्याने न विचारता त्यांचेही जीव पणास लावलेले असतात. घरी जागत बसलेल्या आईचे दुःख तर वेगळेच.

म्हणून वाचकहो, आमचे मत असे आहे. ज्यास एकट्याने जावयाचे आहे त्याने जावे. पण गावातल्या शेवटल्या घरी थांबून कोणती वाट धरणार व केव्हा परतणार हे सांगावे. परतण्याची वेळ झाली म्हणजे शिखर हाताशी असले तरी मागे फिरावे. आणि उतरल्यावर त्या घरी "आलो बरे" एवढे सांगून मगच स्टेशनाची वाट धरावी. ज्याची वाट कोणी पाहत आहे, त्याचा जीव त्याच्या एकट्याचा नव्हे.