काटा न लागणारं चाक

कर्जत तालुक्यात काट्यांना तोटा नाही. रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यापासून शेताच्या बांधापर्यंत बाभूळ आहे, पडीक रानात वेडी बाभूळ आहे. काटा ट्यूबमध्ये शिरला की उसानं भरलेली टायरगाडी जागीच बसते. अशा मुलखात भरीव टायरची ओढ सहज समजते. आत हवाच नाही, सगळं रबर किंवा घट्ट फोम. काटा रुतला तरी बाहेर जाण्यासारखं काही नाही. बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रांना अशी चाकं बसवतात. यंत्र जॅकवर उचलायचं, आखाच्या टोकाची क्लिप आणि वॉशर काढायचा, जुनं चाक ओढून घ्यायचं, आख पुसून ग्रीस लावायचं आणि नवं चाक चढवायचं. बुशचं भोक आणि तुंब्याची लांबी आखाशी जुळली की पंक्चरची चिंता मिटली. मग मनालाही असंच चाक का बसवू नये? दुःख आत शिरूच नये, ही अवस्था म्हणजेच मुक्ती नव्हे का?

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि त्याचा पुरावा चाकाच्या इतिहासातच आहे. न फुटणारं चाक ही नवी युक्ती नव्हे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवत, तिला पंक्चर ठाऊक नव्हतं. युरोपातल्या जुन्या सायकलींनाही भरीव रबरच होतं. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानं मुलाच्या तीनचाकीला हवेची नळी बसवली आणि 1888 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. न फुटणारं चाक हाताशी असताना लोकांनी फुटणारं पत्करलं, कारण हवा हादरा स्वतःत जिरवते. भरीव चाकात तो फारसा जिरत नाही. आखाकडे, सांगाड्याकडे, चालवणाऱ्याच्या पाठीकडे जातो, आणि गाडी बैलाची असेल तर जुवावरून बैलाच्या मानेवर येतो. चाकाला काही होत नाही, पण सोसावं कुणाला तरी लागतंच.

मनाचंही असंच होतं. ज्यानं स्वतःला काही लागूच द्यायचं नाही असं ठरवलं, त्याच्या वाट्याचं दुःख नाहीसं होत नाही. घरातल्या मृत्यूनं तो हलत नाही, तेव्हा रडणाऱ्यांना सावरण्याचं काम दुसऱ्या कुणावर पडतं. या कोरडेपणाला वैराग्य म्हणणं हा वैराग्याचा अपमान आहे.

यावर कुणी म्हणेल, गीता तर सुखदुःखात सम राहायलाच सांगते. सांगते खरी, पण बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं देताना तीच गीता सर्व भूतांविषयी मैत्री आणि करुणा आधी मागते आणि समत्व त्यांच्या जोडीनं ठेवते. त्या गीतेवर ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती कर्जतच्याच जिल्ह्यातल्या नेवाशात, शके 1212 मध्ये. आणि तिचा शेवट झाला तो साऱ्या प्राणिमात्रांसाठी मागितलेल्या पसायदानानं. दुसरा आक्षेप बौद्ध विचारातून येतो. आठव्या शतकातले शांतिदेव ‘बोधिचर्यावतारा’त विचारतात, की साऱ्या पृथ्वीवर अंथरायला कातडं कुठून आणणार; त्यापेक्षा आपल्या पायात पादत्राण घालावं. हे भरीव टायरचं समर्थन वाटेल. पण त्याच ग्रंथाचा आठवा अध्याय दुसऱ्याचं दुःख आपलंच मानायला शिकवतो. पादत्राण चालण्यासाठी आहे, वाटेवरच्यांना तुडवण्यासाठी नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: ज्याची रोजची भाकरी गाडीवर अवलंबून आहे, त्याला हळवेपणाचा उपदेश कशाला? अगदी बरोबर. त्याच्या गाडीला भरीव टायर परवडत असेल आणि भार, वेग यांना तो चालत असेल, तर जरूर बसवावा. वाटेवरचा काटा वेचणं आणि टाळता येणारं दुःख टाळणं हा धर्मच आहे. माझा विरोध चाकाला नाही, चाकाचा नियम माणसाला लावण्याला आहे. म्हणून आपली शांती तपासायची तर मला किती कमी लागतं, एवढंच विचारून भागणार नाही. माझ्यामुळे कुणाच्या मानेवर किती हादरे गेले, हेही विचारावं लागेल, आणि उत्तर त्या मानेकडूनच घ्यावं लागेल.