हिरव्या उजेडाची साक्ष

टोकियोतल्या एका मोठ्या रुग्णालयात यकृताची ऑपरेशनं करणारे एक ज्येष्ठ सर्जन होते. सगळे त्यांना ‘सेन्सेई’ म्हणत. पोट उघडून, यकृत तळहातावर घेऊन, बोटांनी चाचपून गाठ शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. त्यांच्या हाताखाली एक तरुण सर्जन शिकत होता. त्याचा हात हलका होता आणि नजर तेज. दुर्बिणीच्या ऑपरेशनात तो सेन्सेईंपेक्षाही सफाईने काम करी, आणि हे सेन्सेई स्वतःच सगळ्यांना सांगत.

दुर्बिणीने रुग्णांचं भलं केलं. छेद लहान, दुखणं कमी, माणूस लवकर घरी जातो. पण तिने सर्जनची बोटं काढून घेतली. आत खोल दडलेला टणकपणा लांब दांड्याच्या चिमट्याला नीट कळत नाही. ही उणीव थोडीफार भरून काढणारा एक खास कॅमेरा त्या थिएटरमध्ये होता आणि तरुण सर्जनचा त्याच्यावर फार जीव होता.

त्या कॅमेऱ्याचं काम एका रंगावर चालतं. इंडोसायनिन ग्रीन हे त्याचं नाव. शिरेतून दिला की तो रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो, यकृताच्या पेशी त्याला उचलतात आणि जसाच्या तसा पित्तात सोडून देतात. त्याच्यावर अवरक्त प्रकाश टाकला तर तोही डोळ्यांना न दिसणारा उजेड देतो. कॅमेरा तो टिपतो आणि पडद्यावर हिरवा करून दाखवतो. निरोगी यकृतातून रंग निघून जातो. कर्करोगाच्या बऱ्याच गाठींमध्ये मात्र पेशी रंग उचलतात, पण पित्ताची वाट बिघडलेली असल्याने तो तिथेच अडकतो. काही दिवसांनी कॅमेरा लावला की काळोख्या यकृतावर गाठ हिरवी उजळलेली दिसते.

एकदा सत्तरी ओलांडलेले एक सुतार या दोघांकडे आले. हेपॅटायटिस सीच्या विषाणूने त्यांचं यकृत वर्षानुवर्षं पोखरलं होतं. यकृत आक्रसून खडबडीत झालं होतं, म्हणजे सिरोसिस झाला होता. एमआरआयमध्ये एकच गाठ दिसली, २ सेंटिमीटरची, उजव्या बाजूला खालच्या टोकाशी. यकृताचे आठ खंड मानतात, त्यांतल्या सहाव्या खंडात ती होती.

ऑपरेशनच्या आठ दिवस आधी नेहमीची तपासणी झाली. वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम या हिशेबाने तोच रंग शिरेतून दिला आणि १५ मिनिटांनी रक्तात किती उरला ते मोजलं. धडधाकट यकृत इतक्या वेळात ९० टक्क्यांहून जास्त रंग उपसून टाकतं. या सुतारांच्या रक्तात २२ टक्के शिल्लक होता. यकृताचा किती भाग काढला तर रुग्णाला झेपेल, याचा एक हिशेब जपानी सर्जन मासातोशी माकुउची यांनी घालून दिला आहे. पोटात पाणी नसेल, कावीळ नसेल आणि उरलेला रंग २० ते २९ टक्के असेल, तर एका खंडापलीकडे जायचं नाही. तरुण सर्जनने आकडा वाचला, सही केली आणि पान उलटलं.

ऑपरेशनच्या दिवशी दुर्बीण आत गेली आणि कॅमेरा सुरू झाला. सहाव्या खंडावर गाठ लख्ख हिरवी दिसली. तरुण सर्जनला आनंद झाला. त्याने दुर्बीण थोडी वळवली, तर शेजारच्या पाचव्या खंडावर आणखी दोन हिरवे ठिपके होते, तांदळाच्या दाण्याएवढे. एमआरआयमध्ये त्यांचा मागमूस नव्हता.

“सेन्सेई, गाठी तीन आहेत! एमआरआयला दोन सापडल्याच नाहीत. पाचवा आणि सहावा, दोन्ही खंड काढायला हवेत.”

“तीन आहेत हे तुला कोणी सांगितलं?”

“उजेडाने. समोर दिसताहेत.”

“मग उजेडाने जे सांगितलं तेवढंच मला सांग. तू काय ठरवलंस ते नंतर ऐकतो.”

तरुण सर्जन क्षणभर थांबला. “इथे रंग साठून राहिला आहे.”

“का राहिला?”

“पेशींनी उचलला, पण पित्तात सोडता आला नाही.”

“असं कुठे कुठे होतं?”

“कर्करोगाच्या गाठीत.”

“आणखी?”

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “सिरोसिसमध्येही होतं. यकृत स्वतःला सावरायला नव्या पेशींच्या गुठळ्या करतं. त्यांतल्या काहींना पित्ताची वाट धड नसते. कॅमेऱ्याखाली त्याही उजळतात.”

“म्हणजे उजेड इतकंच म्हणतोय की इथे वाट अडली आहे. ‘कर्करोग’ हा शब्द तू त्याच्या तोंडी घातलास. आता दुसरं सांग. याच रंगाने आठ दिवसांपूर्वीही काही सांगितलं होतं. आठवतं?”

“२२ टक्के.”

“साक्षीदार तोच. त्याची आजची साक्ष तुला पटली आणि आठ दिवसांपूर्वीची तू विसरलास. दोन खंड काढले तर गाठी जातील, पण उरलेल्या यकृतावर हा माणूस जगेल का?”

तरुण सर्जनने हातातली कात्री परिचारिकेकडे दिली आणि सोनोग्राफीचा लांब दांडा मागितला.

दांड्याचं टोक यकृतावर टेकवून तो इंच इंच तपासत गेला. दोन्ही ठिपक्यांखाली वेगळी गाठ म्हणावी असं काहीच दिसलं नाही. सहाव्या खंडात मात्र मोठ्या गाठीपासून आत, पृष्ठभागापासून दीडेक सेंटिमीटर खोल, एक काळसर गोल सावली दिसली. तिच्यावरचा पृष्ठभाग कॅमेऱ्याखाली काळोखाच होता. तो उजेड यकृताच्या मांसातून जेमतेम ५ ते १० मिलिमीटर वर येऊ शकतो. त्याखालचं काही असलं तरी कॅमेऱ्याला ते दिसत नाही.

“म्हणजे जिथे उजेड आहे तिथे बहुधा गाठ नाही, आणि जिथे गाठ आहे तिथे उजेड नाही,” तरुण सर्जन पुटपुटला.

“बहुधा,” सेन्सेई म्हणाले. “सोनोग्राफीच्या तोंडीही आपले शब्द घालू नकोस. ठिपक्याचा तुकडा काढून पाठव.”

एका ठिपक्याचा इवलासा तुकडा काढून लगेच पॅथॉलॉजीत गेला. तिथे तो गोठवून, पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. निरोप यायला अर्धा तास तरी लागणार होता. भूलतज्ज्ञ रक्तदाबावर नजर ठेवून बसले होते. सेन्सेई पडद्याकडे बघत बोलू लागले.

“हा रंग गाठी शोधायला बनवलाच नव्हता. १९५० च्या दशकात अमेरिकेत कोडॅक या फोटोच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तो तयार झाला. डॉक्टरांनी तो आधी हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं ते मोजायला वापरला. १९५९ मध्ये तिथल्या सरकारने त्याला औषध म्हणून मान्यता दिली. मग यकृत त्याला किती लवकर उपसतं यावरून यकृताची ताकद मोजू लागले. आपण जपानी सर्जन तर ती तपासणी केल्याशिवाय ऑपरेशनला हात घालत नव्हतो. पुढे ऑपरेशनच्या वेळी अवरक्त कॅमेरा लावला, तर काही दिवसांपूर्वी तपासणीसाठी दिलेला रंग गाठींमध्ये चमकताना दिसला. २००९ मध्ये टोकियो आणि ओसाका इथल्या सर्जनांनी ते प्रसिद्ध केलं. त्यांचं मोठेपण कशात आहे, सांग बरं. त्यांना चमक दिसली, यात?”

“नाही. ती का आली हे त्यांनी शोधलं.”

“काढलेल्या गाठी कापल्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. कुठली गाठ अख्खी उजळते, कुठल्या गाठीभोवती नुसतं कडं उमटतं, कुठला ठिपका फसवा निघतो, हे सगळं लिहून ठेवलं. फसवे ठिपकेही लपवले नाहीत. म्हणून आज तुला ते सांगता आलं.”

तेवढ्यात निरोप आला. तुकड्यात कर्करोग नव्हता. सिरोसिसची गुठळी होती.

पाचवा खंड वाचला. आता सहाव्याची नेमकी हद्द हवी होती. तरुण सर्जनने त्या खंडाला रक्त नेणारा फाटा शोधून चिमट्याने बंद केला आणि भूलतज्ज्ञांना शिरेतून पुन्हा थोडा रंग द्यायला सांगितलं. बघता बघता सगळं यकृत हिरवं झालं आणि गाठ सोडली तर सहावा खंड तेवढा काळा राहिला. दोहोंमधली रेघ स्पष्ट उमटली.

“आता हिरव्याचा अर्थ काय?” सेन्सेईंनी विचारलं.

“इथे रक्त पोचतंय. मघाचा हिरवा वाट अडल्याचा होता, हा वाट मोकळी असल्याचा आहे. रंग एकच, पण प्रश्न बदलला की उत्तराचा अर्थ बदलतो.”

सेन्सेईंनी मान डोलावली. ती रेघ धरून, अधूनमधून सोनोग्राफीने खोलातली सावली कापाच्या आतच राहतेय ना हे बघत, तरुण सर्जनने सहावा खंड वेगळा केला आणि पिशवीत घालून बाहेर काढला. शेजारच्या टेबलावर त्याचे काप घेतले आणि त्यांवर कॅमेरा धरला. आत लपलेली ती दुसरी गाठ आता हिरवीगार उजळली. पुढे पॅथॉलॉजीच्या अहवालात तीही कर्करोगाचीच निघाली. उजेड खोटं बोलला नव्हता. त्याचा आवाज वरपर्यंत पोचत नव्हता, इतकंच.

सुतार बरे होऊन घरी गेले. तपासणीसाठी ते दर काही महिन्यांनी येत राहिले. उरलेलं यकृत त्यांना पुरत होतं.

तरुण सर्जन पुढे स्वतः शिकवू लागला. त्याने कॅमेरा सोडला नाही, उलट अधिक वापरला. पण प्रत्येक ऑपरेशनआधी तो विद्यार्थ्यांकडून तीन गोष्टी वदवून घेई. रंग कधी आणि कशासाठी दिला, तो इथे का थांबला असेल, आणि त्याला न दिसणारं काय काय असू शकतं. ही उत्तरं मिळेपर्यंत तो कुणाच्या हातात कात्री देत नसे.

तात्पर्य: साधन आपल्याला एक खूण दाखवतं, तिचा अर्थ लावायचं काम आपलं असतं. साधन जेवढं बोललं तेवढंच ऐकावं, आपल्या मनातलं त्याच्या तोंडी घालू नये, आणि ते जिथे गप्प आहे तिथे दुसऱ्याला विचारावं. आपल्या निर्णयाची किंमत दुसऱ्याच्या जिवाने मोजली जाणार असेल, तर एवढं विचारण्याइतका वेळ काढणं हे आपलं पहिलं कर्तव्य आहे.