फेस आणि पाणी
आपल्या बीड जिल्ह्यात कितीतरी घरांत दाढीला बोअरचं पाणी. ते जड असलं की साबणाला फेस येत नाही. दोष मात्र साबणाला जातो, आणि नवा साबण, नवा ब्रश, नवा रेझर सुरू होतो. रेझर बदलला की पात्याचा कोन बदलतो, हाताला पुन्हा शिकावं लागतं. मला वाटतं, आधी वाटीभर जारचं पाणी कोमट करून बघा. ब्रश भिजवा, साबणावर मिनिटभर फिरवा. फेस दाट बसला की केसांच्या दिशेनं हलका हात, शेवटी तुरटी. संत सेना महाराजांनी आपल्या हजामतीच्या धंद्यातला आरसा, चिमटा अभंगात नेला. रोजची हत्यारं अशी जिवाभावाची होतात. तरीही गाल जळत असेल तर पातं जरूर बदला, पण एका वेळी एकच वस्तू.