नित्यकर्माला गुण किती?

टूडूइस्ट या ॲपमध्ये कामापुढच्या गोलावर बोट टेकवलं की काम यादीतून नाहीसं होतं आणि खात्यावर गुण जमा होतात. या गुणांना ॲपवाल्यांनी नाव दिलंय ‘कर्म’. काम चार दिवस रखडलं की गुण कापले जातात, आणि ५०,००० गुणांच्या पुढे गेलेला माणूस ‘प्रबुद्ध’ ठरतो. मोक्षाचा असा छापील दर आजवर कुठल्या दर्शनाने लावला नव्हता.

थट्टा सोडली तरी प्रश्न उरतोच. मीमांसकांनी कर्माचे भाग पाडले: नित्य, नैमित्तिक, काम्य आणि निषिद्ध. काम्य कर्म ॲपला चटकन कळतं. अमुक केलं की तमुक मिळेल. गोची होते ती नित्यकर्मापाशी. संध्या केली म्हणून वेगळं काही पदरात पडत नाही, चुकवली तर मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो, असं मानणारी मोठी परंपरा आहे. जमेचा रकाना कायम कोरा. शंकराचार्यांनी त्यावरही बोट ठेवलं: जे केलंच नाही, त्या अभावातून दोष जन्माला येईल कसा?

इंदापूर तालुक्यातल्या गोठ्यात मात्र तो येतो. सकाळ-संध्याकाळ धार काढली म्हणून कोणी पाठ थोपटत नाही. एक वेळ चुकली की कास तटते, गाय अस्वस्थ होते, आणि दगडीची धास्ती लागते. आचार्यांच्या आक्षेपाशी गाईला देणंघेणं नसतं.

अशा कामांसाठी कोणतं ॲप बरं? गूगल टास्क्स अलिप्त आहे. टिक केली, काम खाली सरकलं, संपलं. गुण नाहीत की पदवी नाही. मायक्रोसॉफ्ट टू डूमधलं ‘माय डे’ हे पान रोज मध्यरात्री कोरं होतं. राहिलेली कामं मूळ यादीत असतात, पण आजच्या पानावर ती पुन्हा हाताने उचलून ठेवावी लागतात. पूजेच्या संकल्पात रोज नव्याने तिथी, वार, नक्षत्र उच्चारतात, त्याच्या जवळ जाणारी ही सोय. कालचा संकल्प आज चालत नाही. तिघांत हेच ॲप नित्यकर्माच्या जातीचं वाटतं, मग बनवणाऱ्यांच्या मनात असलं काही असो वा नसो.

टूडूइस्टला अगदीच मोडीत काढू नये. रोजचं ठरलेलं लक्ष्य सलग किती दिवस गाठलं, हे ते मोजतं. आणि माणूस सुट्टीवर गेला तर साखळी तुटू नये म्हणून तशी खूणही करता येते. आपल्याकडे सुतकात देवपूजा थांबते, ती याच समजुतीने. खंड पडला खरा, पण तो दोषात धरायचा नाही.

आणि मोजण्याचं वावडं भक्तीला तरी कुठे आहे? बारामतीत राहून मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली, असं मानलं जातं. १०८ म्हणजे जपमाळेचे मणी. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात ओठांनी उच्चारायचं एकही अक्षर नाही. प, फ, ब, भ, म सगळे बाद. म्हणजे रामकथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायचं नाही! यात भक्ती किती आणि आकडा पुरा करण्याची ईर्ष्या किती, हे पंतांनाही वेगळं काढता आलं असतं का? वारकरीही सांगतो, ‘तीस वर्षं वारी चुकली नाही.’ सांगताना त्याचा आवाज जरा चढतो. तो गुण मागत नाही, पण मोजतो नक्की.

तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. ही नोंद ‘दर वर्षी’ म्हणून ॲपमध्ये टाकून पाहावी. पालखीची तारीख ज्या आषाढी एकादशीवरून ठरते, ती २०२३ साली २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला आणि २०२५ साली ६ जुलैला. पहिल्या वर्षाची तारीख धरून बसलेला फोन दुसऱ्या वर्षी अठरा दिवस आधीच वाजला असता, आणि टिक केली की पुन्हा वर्षभर गप्प. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, हे त्याला कोण सांगणार? काटेवाडीत परीट मंडळी पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात, धनगरांची मेंढरं पालखीभोवती रिंगण धरतात. त्यांची तारीख पंचांगातून येते.