पावती कुणाच्या नावाची?

दुकान चौकातून उठून घरी आलं की लोक म्हणतात, धंदा बसला. भाडं परवडेना म्हणून गाळा सोडला, यात लाज कसली? पण आपल्या माणसाचं दुकान वस्तीत परत येतं तेव्हा प्रश्न भाड्यापाशी संपत नाही. चौकात पाटी लावून बसणं आपल्याला कुणी बक्षीस दिलेलं नाही. म्हणून विचारायचं ते हे, की दुकानाबरोबर काय घरी येतं आणि काय चौकातच राहून जातं.

आमचंच घ्या. बा कळंबच्या बाजारपेठेत मोटारी भरायचा. शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार जळाली की जुनी तार काढायची, खाचांत नवा कागद बसवायचा, वेढे मोजून तांब्याची तार भरायची, व्हार्निश पाजायचं. मी गिरणीत पाळी करतो, सुट्टीला त्याच्या हाताखाली बसतो. तांबं महागलं, भाडं वाढलं, विहिरी आटल्या की मोटारीच बंद. शेवटी रिळं-हत्यारं उचलून घरी आणली.

आठ दिवसांत चौकातला एक दुकानदार आला. दारातच उभा राहून म्हणाला, "मिस्त्री, माल माझ्याकडं उतरू द्या. तुम्ही घरी बसून भरा. दोन पैसे जास्तच सुटतील. फक्त पावती माझ्या नावाची." बा गप्प. माय आतून बोलली, "चांगली चालली तर तुमचं नाव, जळाली तर आमचं. असंच ना?"

हा प्रश्न आमच्या एका घराचा नाही. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब मुंबईला आले. शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनी काढून पाहिला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईक आटलं. व्यवसाय बंद करावा लागला. अमेरिकेत शिकून आलेल्या माणसाची ही गत. सल्ला तोच होता, डोकंही तेच होतं. व्यवहारी माणूस यावरून म्हणेल, मग नाव कळूच देऊ नये. तो दुकानदार वेगळं काय सांगत होता?

पण बिननावाचं काम आपल्या आजे-पणजांनी पिढ्यान् पिढ्या केलं. महारकी म्हणजे वेळेला मोजमाप नाही, कामाला दर नाही, मिळेल ते बलुतं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलायचं विधेयक मांडलं. १९४१ च्या फेब्रुवारीत ते कसबे तडवळ्याला, आज आपल्याच जिल्ह्यात असलेल्या गावी, महार-मांग वतनदार परिषदेला आले. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं मोडायला १९५८ साल उजाडलं. त्या वतनातून सुटलेल्या माणसाला दुकानात काय मिळालं? ठरलेला दर, आणि स्वतःच्या नावाची पावती. तीच दुसऱ्याला द्यायची असेल तर घरात पुन्हा महारकीच आली म्हणायची.

संविधानाच्या पंधराव्या कलमानं आपल्याला कुठल्याही दुकानात जायचा हक्क दिला. सतराव्यानं अस्पृश्यता नष्ट केली. पण आपल्या दुकानात कुणी यावंच, असं कुठलं कलम सांगणार? चौकात गिऱ्हाईक सहज वळतं. वस्तीत त्याला ठरवून यावं लागतं. काही येतात, मोटार टाकतात, चहाला नको म्हणतात. गरजेनं आलेला माणूस समता मानून आला असं समजू नये. तरी त्याला वस्तीची वाट तुडवावी लागते, पाटी वाचावी लागते. मालच चौकात उतरला तर तेवढंही होणार नाही.

दोस्तांनो, कुणी म्हणेल आधी पोट. खरं आहे. नाव लपवून भाकरी मिळवणाऱ्याला मी गद्दार म्हणणार नाही. आडनाव सांगितलं की खोली मिळत नाही, म्हणून वेगळं सांगणारे आपल्यातच आहेत. पाप खोली नाकारणाऱ्याचं. पण निवडायला थोडी जरी जागा असेल, तर नाव शेवटपर्यंत सोडू नये.

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. दुकान घरी आलं की माय फोन घेते, बहीण वेढे मोजते, पोरं तार धरतात. त्याला कुणी मजुरी म्हणत नाही, घरचंच काम म्हणतात. मालकाकडं हिशेब मागणारे आपण, घरातल्या बायांकडून वेठबिगार घेणार काय? बहिणीनं हा प्रश्न मला तोंडावर विचारला. आता वहीत तिचा आणि मायचा रकाना आहे. आठवड्याला तिथं आकडा पडतो, लहान का होईना.

बानं दुकानदाराला निरोप धाडला : काम करतो, पावती माझ्या नावाची. तो अजून फिरकला नाही. भरलेल्या प्रत्येक मोटारीवर बा पांढऱ्या रंगानं स्वतःचं नाव आणि वस्तीचं नाव लिहितो. गिऱ्हाईक आधीपेक्षा कमी आहे. धंदा टिकेल की नाही ते तांब्याच्या भावावर आणि पावसावर आहे. पावतीवर कुणाचं नाव आणि वहीत कुणाची मजुरी, एवढं मात्र आपल्या हातात आहे. तेवढं तरी सोडू नका.

जयभीम.